आयएसओ नुसती चिकटवून डिस्क बूट होत नाही

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि जुन्या संगणकांवर आता काय घालायचं ही चर्चा सांगलीच्या मार्केट यार्डातल्या पेढ्यांवरही सुरू झाली. त्यातच विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या मोफत सिस्टमबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय : 'लिनक्सची आयएसओ उतरवा, डीव्हीडीवर नाहीतर पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट करा, झाली बूट डिस्क. चालली नाही तर डिस्क खराब समजा. आणि सावधान, या डिस्कवरून संगणक चालू केला की विंडोज उडतं.'

कॉपी-पेस्टचं आधी बघू, कारण सगळा घोळ तिथंच आहे. आयएसओ म्हणजे एका फाइलीत घेतलेला आख्ख्या डिस्कचा ठसा, आणि बूट डिस्क म्हणजे जिच्यावरून संगणक चालू होतो ती. हरिपूरची हळदीची पेवं ज्यांनी पाहिलीत त्यांना हे पटकन कळेल. माल जमिनीखाली भरपूर, पण तोंड कुठं ते ठाऊक नसेल तर वर नुसती माती. बूट डिस्कचं तोंडही ठरलेल्या जागी असतं. सीडी-डीव्हीडीवर २०४८ बाइटचे सेक्टर, म्हणजे साठवणीचे कप्पे, असतात. १९९५ च्या 'एल टोरिटो' पद्धतीप्रमाणे, शून्यापासून मोजत गेलं की १७ व्या सेक्टरवर बूट रेकॉर्ड असतं. ते बूट कॅटलॉगचा पत्ता देतं आणि कॅटलॉग लोडरचा, म्हणजे सिस्टम सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा. बायोस, म्हणजे संगणक चालू होताच सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम, थेट तिथंच जातो. तुम्ही फाइल चिकटवली तर तिच्यातला सतरावा सेक्टर डिस्कच्या सतराव्या जागी येतच नाही. ओळखायचं सोपं आहे : डिस्क उघडल्यावर एकच आयएसओ फाइल दिसली तर चुकलं, आतले फोल्डर दिसले तर जमलं. विंडोज ७ पासून राइट क्लिकवर 'बर्न डिस्क इमेज' आहेच, वेगळं सॉफ्टवेअर नको.

पेनड्राइव्हच्या बाबतीत मेसेजवाल्याला थोडं माप द्यायला हवं. यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी आवृत्ती, असलेल्या मशीनवर आयएसओ उलगडून आतला माल फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाकला तर बरेचदा चालतं. मात्र ४ जीबीहून मोठी एक फाइल फॅट३२ घेत नाही, आणि यार्डातल्या जुन्या डब्यांत यूईएफआय कुठलं! खात्रीचा मार्ग डीडी, म्हणजे फाइल पेनड्राइव्हवर जशीच्या तशी, पहिल्या बाइटपासून उतरवणारी लिनक्समधली आज्ञा. आयएसओचे पहिले १६ सेक्टर, म्हणजे ३२ केबी, मोकळेच असतात. डेबियन, उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांचे लोक तिथं हार्ड डिस्कसारखा बूट कोड बसवतात, म्हणून एकच फाइल डीव्हीडी आणि पेनड्राइव्ह दोन्हीकडे चालते. ओपनबीएसडी या दुसऱ्या मोफत सिस्टमीत तसं नाही. तिथं सीडीला आयएसओ आणि पेनड्राइव्हला आयएमजी, अशा दोन वेगळ्या फाइली.

डीडी वापरताना 'एसडीबी१' (पेनड्राइव्हचा एक भाग) नाही, नुसतं 'एसडीबी' (आख्खा पेनड्राइव्ह) लिहायचं, आणि त्याआधी जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी एलएसबीएलके ही आज्ञा चालवून एसडीबी खरंच पेनड्राइव्ह आहे ना हे बघायचं. एका अक्षराच्या चुकीनं माझी बॅकअपची डिस्क साफ झालीय. सावधान लिहायचंच होतं तर इथं लिहायचं.

'डिस्क खराब' म्हणण्याआधी उतरवलेल्या फाइलचा शा-२५६, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, साइटवर दिलेल्या आकड्याशी जुळवा, अर्धवट डाउनलोड तिथंच पकडला जातो. आणि आकार बघा : साधी डीव्हीडी ४.७ जीबीची, उबुंटू २४.०४ ची डेस्कटॉप आयएसओ त्याहून मोठी.

राहिलं विंडोज उडण्याचं. लाइव्ह डिस्क, म्हणजे इन्स्टॉल न करताच लिनक्स चालवणारी ही बूट डिस्क, रॅममध्ये चालते. इन्स्टॉलरमध्ये हार्ड डिस्कची विभागणी मंजूर करेपर्यंत तिच्यावर काही लिहिलं जात नाही. तिथं 'इरेज डिस्क' निवडून तुम्हीच पुढं गेलात, तर उडालेलं विंडोज बिचाऱ्या डीव्हीडीच्या नावावर टाकू नका.