मुलगी इंजिनीअर होऊ नये म्हणून

घरातली मुलगी इंजिनीअर होईल अशी धास्ती वाटते? मग वेळीच उपाय करा. सगळ्यात जुनं औषध म्हणजे लग्न. पुढे भारतातल्या पहिल्या स्त्री अभियंत्यांपैकी एक ठरलेल्या मद्रासच्या ए. ललिताला ते पंधराव्या वर्षीच पाजलं होतं. १९३७ साली नवरा गेला, तेव्हा ती अठरा वर्षांची आणि मांडीवरची श्यामला चार महिन्यांची. विधवेनं कोपरा धरायचा, ही सोय समाजानं करून ठेवलेली होतीच. म्हणजे प्रकरण मिटल्यात जमा.

घोळ घातला तो बापानं. पप्पू सुब्बाराव मद्रासमधल्या गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात वीजशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी प्राचार्य चाकोंकडे शब्द टाकला आणि मुलीला प्रवेश मिळवला. असल्या बापांना नातेवाइकांनी वेळीच घेरायला हवं!

प्रवेश झालाच, तर तिला एकटी पाडा. गिंडीत शेकडो मुलगे आणि ही एकटी. पण तिथंही गाफील राहू नका. थोड्याच काळात थ्रेसिया आणि लीलाम्मा या आणखी दोन मुली येऊन दाखल झाल्या.

१९४३ मध्ये तिघी पास झाल्या आणि कॉलेजची पंचाईत झाली. छापील प्रमाणपत्रावर होतं ‘ही’. तुम्ही म्हणाल, बरोबरच आहे की! पण इंग्रजीतला ‘ही’ म्हणजे आपला ‘तो’. तो खोडून वर हातानं लिहावं लागलं ‘शी’. पदवीधर बाईविषयी जनमत इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी नोंदवलं असेल.

पुढे ललिताची जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात शिकाऊ उमेदवारी, मग सिमल्यात नोकरी, मग कलकत्त्याच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजमध्ये वीजवाहिन्या आणि उपकेंद्रांचे आराखडे. भाक्रा-नांगलच्या जनित्रांच्या कामातही ती होतीच. अशा वेळी हुकमी प्रश्न टाका: ‘मुलीकडे कोण बघतं?’ उत्तर ‘वहिनी’ असं आलं, तर वहिनीलाही फितवा. पुरुष इंजिनीअरला मात्र हे विचारू नका, त्यांची मुलं झाडासारखी आपोआप वाढतात.

१९६४ मध्ये ललिता न्यूयॉर्कला स्त्री अभियंत्या आणि वैज्ञानिकांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला गेल्या. (आता ‘गेली’ म्हणून कसं चालेल?) १९७१ मध्ये थ्रेसिया केरळच्या बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. खुर्चीच बाईकडे गेल्यावर करायचं काय? अभियंता म्हणायचं, अभियंती की अभियंत्री, यावर तातडीनं एक समिती नेमा. सदस्य अर्थातच सगळे पुरुष.