एकाच तारेवर
अमेरिकन जॅझ गिटारवादक मिक गुडरिक यांच्यावर मराठीत लेख आला, मनापासून आभार! व्हायब्राफोनवादक गॅरी बर्टन यांच्या बँडमध्ये ते आणि तरुण गिटारवादक पॅट मेथनी एकत्र वाजवायचे, हे छान आलंय. पण १९८७ च्या 'द अ‍ॅडव्हान्सिंग गिटारिस्ट' या त्यांच्या पुस्तकावर आणखी हवं होतं. त्यात ते आधी एकाच तारेवर वाजवायला लावतात. बोटांचे पाठ झालेले आकार तिथं चालत नाहीत, सूर कानानंच शोधावा लागतो. परभणीत मी मुलांना गावच्या भजनाची चाल अशी एका तारेवर काढायला लावतो. चाल लहानपणापासून ऐकलेली, त्यामुळं सूर चुकला की पोरांना माझ्याआधी कळतं. बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात गुडरिक यांनी कितीक वर्षं शिकवलं, त्यावर वेगळा लेख लिहाच.