बेचाळीस नंबरची तार

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावरचे काका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. गणपतीचे दहा दिवस सोडले तर ती त्यांच्या दारामागच्या खुंटीला टांगलेली असे, आणि मी सहावीत असल्यापासून त्या खुंटीकडे बघत आलो. जपानी, लाल, कडांना काळी होत गेलेली. डोक्यावरचं कंपनीचं नाव केव्हाच खरवडलं गेलं होतं. काकांनी ती माझ्या हातात एकदाच दिली, तीही आधी साबणाने हात धुवायला लावून.

पुढे वाडा पडला, सोसायटी झाली, काका गेले. गेल्या दिवाळीत काकूंकडे फराळाला गेलो तर त्या म्हणाल्या, "तुला ते लाकूड हवंय का रे? नाहीतर उद्या भंगारवाला येतोच आहे." चकलीचा घास तोंडात तसाच ठेवून मी मान डोलावली.

घरी आणल्यावर बायकोने विचारलं, "वाजते?"

"वाजेल."

या एका 'वाजेल'पायी आमचं जेवणाचं टेबल तीन महिने अडलं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो.

पुढची प्लास्टिकची पट्टी उघडली तेव्हा आत पीएमटीचं एक तिकीट, तारा छेडायचं अर्धं प्लेक्ट्रम आणि एक मेलेलं झुरळ निघालं. झुरळ बहुधा मूळचं जपानी असावं, कारण एवढ्या वर्षांत त्याचा एकही पाय निखळला नव्हता. किरकोळ दुखणी लवकर आटोपली. व्हॉल्यूमची खरखर फवाऱ्याने गेली. मान धनुष्यासारखी वाकली होती. तिच्या आतली ट्रस रॉड नावाची सळई रोज पाव फेरा पिळत आठवड्यात सरळ केली. बोटं फिरतात त्या शिसवी पट्टीला आईने खोबरेल सुचवलं. देव्हाऱ्याला ती तेच लावते. मी नको म्हणालो. ती दुखावली.

खरा घोळ पिकअपचा, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाचा. सहा लोहचुंबक आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे, बस्स. वरची पोलादी तार थरथरली की खालच्या वेटोळ्यात वीज उमटते. फॅराडेने हे तत्त्व १८३१ मध्ये दाखवलं, तेव्हा ते आपल्याला जमायला हरकत नसावी असं मला वाटलं. दोनपैकी एका पिकअपवर मल्टिमीटरने सहा किलोओहम दाखवले. दुसऱ्यावर डाव्या कोपऱ्यात नुसता एकटा '१'. म्हणजे आत कुठेतरी तार तुटलेली.

कोपऱ्यावरच्या मोटर वाइंडिंगवाल्याकडे नेलं. त्याने ते उजेडात धरलं, नखाने टकटक केली, मग विचारलं, "पंप कितीचा?"

"पंप नाही, गिटार आहे."

"अर्ध्या एचपीखाली आपण घेत नाही साहेब."

मग स्वतःच गुंडाळायचं ठरलं. इंटरनेटवर सगळीकडे एकच आकडा होता: ४२ नंबरची तार. तपकीर गल्लीत गेलो. दुकानदार म्हणाला, "बेचाळीसच ना? नक्की?" मी जन्मभर तारच विकत आल्यासारखा म्हणालो, "बेचाळीसच."

यंत्र आईचं पायाचं शिलाई मशीन. बॉबिन भरायच्या चकतीवर पिकअप बसवला. वेढे मोजायला एक जुना कॅल्क्युलेटर उघडून त्याच्या 'बरोबर'च्या बटणाला चुंबक जवळ आलं की मिटणारा रीड स्विच जोडला आणि चकतीला चुंबक चिकटवलं. एक अधिक एक दाबून ठेवायचं. पुढे दर फेऱ्याला आकडा आपोआप एकाने वाढतो. हे मला इतकं आवडलं की मी शेजाऱ्यांनाही बोलावून दाखवलं. तीन हजारांच्या आसपास बॉबिन काठोकाठ भरलं. अजून पाच हजार वेढे कुठे घालायचे?

तेव्हा कुठे उजेड पडला. अमेरिकन ४२ म्हणजे ०.०६३ मिलिमीटर, आपल्याकडे तार ब्रिटिश मापाने विकतात, आणि त्यात ४२ म्हणजे ०.१ मिलिमीटर. मला हवी होती आपली ४६ नंबरची. पुन्हा तपकीर गल्ली. दुकानदाराने माझ्याकडे न बघता रीळ काढलं. "तरी मी विचारलं होतं," हे तो मला म्हणाला नाही, शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाला.

ही तार दिसतच नाही. बोटांना लागते तेवढीच. ५,३४० व्या फेऱ्याला कुकरची शिट्टी झाली, मी दचकलो आणि ती तुटली. त्यानंतर घरात रविवारी सकाळी स्वयंपाक बंद. तिसऱ्या रविवारी आठ हजार पुरे झाले. मीटरवर सहा किलोओहम दिसले तेव्हा मी बायकोला मिठी मारायला गेलो, पण हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न होतं.

अँप लावला आणि घरभर घुंऽऽ. एकेरी वेटोळ्याचा पिकअप घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही झेलतो; ती मारण्यासाठी उलटसुलट वेटोळ्यांची जोडी, म्हणजे हंबकर, १९५० च्या दशकात निघाली. माझ्याकडे ती नव्हती. तारांना हात लावला की घुं कमी, सोडला की पुन्हा सुरू. गिटार घेऊन स्वतःभोवती फिरलो तर ईशान्येला तोंड केल्यावर जवळजवळ गप्प. वास्तुशास्त्राबद्दल मी आजवर जे बोललो ते बायकोने तिथल्या तिथे मला ऐकवलं. आई आतून म्हणाली, "तानपुरा बरा लागलाय रे. गा आता काहीतरी."

शेवटी काकूंना बोलावलं. त्या सोफ्यावर टेकल्या. मी घाईघाईने ईशान्येला वळायला लागलो, तोच घुं सुरू झालं आणि त्यांनी हात वर केला.

"थांब. हे असंच यायचं. ह्यांनी वायर खोचली की आधी हे, मग खालून तुझ्या आजोबांची शिवी."

मी न वळता तसाच उभा राहिलो. त्यांनी बराच वेळ ऐकलं.

"बरं, आता वाजवणार असलास तर वाजव, नाहीतर बंद कर. साडेसातला माझी मालिका आहे."