‘डाउनलोड करा, बटण दाबा, झालं’? एम्ब्रॉयडरी डिझाइनचं असं नसतं

एम्ब्रॉयडरी मशीन घेणाऱ्यांसाठी म्हणून एक मेसेज खूप फॉरवर्ड होतोय. सांगणं साधारण असं, की नेटवर हजारो डिझाइन्स फुकट आहेत, डाउनलोड करायची, पेनड्राइव्हला टाकायची आणि बटण दाबायचं, बाकी सगळं मशीन करतं. आवडलेला कुठलाही फोटो कन्व्हर्ट होतो, साइज हवी तशी लहानमोठी करता येते, कापड कुठलंही चालतं, फुकट मिळालेलं डिझाइन विका, वाटा, काहीही करा, आणि डिजिटायझरला, म्हणजे चित्रावरून टाक्यांची फाइल बनवणाऱ्याला, द्यायचे पैसे तर वायाच. हे वाचून मला खरंच वाईट वाटतं, कारण यावर विश्वास ठेवून लोक मशीन घेतात आणि पहिल्याच कामात कापड गोळा झालं, सुई तुटली की त्यांना वाटतं मशीनच खराब निघालं किंवा आपल्यालाच हे जमत नाही. बऱ्याचदा दोन्ही खरं नसतं, मशीनला दिलेली फाइल म्हणजे नेमकं काय हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

तर आधी तेच बघू. डीएसटी, पीईएस, जेईएफ, व्हीपी३ या ज्या स्टिच फाइल्स आपण मशीनला देतो त्यात मुख्यतः सुईसाठी सूचना असतात. इथून इतकं सरक, टाका घाल, इथे टाका न घालता उडी म्हणजे जंप घे, इथे थांब म्हणजे दोरा बदलता येईल. डीएसटीमध्ये हे सरकणं ०.१ मिमीच्या मापात लिहिलेलं असतं. टाके कुठल्या दिशेने जाणार, आधी काय भरायचं आणि नंतर काय, खाली अंडरले, म्हणजे आधाराचे टाके, किती, हे सगळं कुणीतरी एका ठरावीक साइजसाठी आणि बऱ्याचदा एका ठरावीक प्रकारच्या कापडासाठी बसून ठरवलेलं असतं.

म्हणूनच ‘कुठलाही फोटो कन्व्हर्ट करा’ हे चुकीचं आहे. फोटोच्या फाइलचं नाव बदलून शेवटी डीएसटी लिहिलं तर मशीन ती उघडणारच नाही, हे तर सोपं झालं. चित्रावरून टाके आपोआप काढणारी, म्हणजे ऑटो-डिजिटायझिंगची, सॉफ्टवेअर्स असतात आणि दोन-तीन सपाट रंगांचा, स्वच्छ कडांचा साधा आकार असेल तर ती बरं काम करतात, हे मी मान्य करते. पण चेहरा, सावल्या, एकात एक मिसळणारे रंग असले की सॉफ्टवेअर प्रत्येक छटेचा वेगळा तुकडा करत सुटतं, मग शंभर ठिकाणी जंप, सारखा दोरा बदला, आणि वर कापडावर पुठ्ठ्यासारखा कडक गठ्ठा.

साइजचा मुद्दा सगळ्यात जास्त नुकसान करतो म्हणून जरा सविस्तर सांगते. नेहमीच्या ४० नंबरच्या दोऱ्याला भरावाच्या दोन ओळींमधलं अंतर साधारण ०.४ मिमी ठेवतात. आता समजा १०० मिमीचं फूल तुम्ही ५० मिमी केलं आणि टाक्यांची संख्या तीच राहिली, तर ते अंतर ०.२ होतं, प्रत्येक टाकाही निम्मा होतो, म्हणजे तेवढ्याच जागेत चौपट टाके. सुई पुन्हापुन्हा जवळजवळ त्याच भोकात जाते, दोरा तुटतो, सुई तुटते, पातळ कापड असेल तर चक्क कापलं जातं. उलट दुप्पट केलं तर ओळींमधून कापड दिसायला लागतं, आणि ५ मिमी रुंद सॅटिन पट्टी, जिच्यात टाके एका कडेपासून थेट दुसऱ्या कडेपर्यंत जातात, ती १० मिमीची होते, ते लांब सुटे टाके बांगडीत नाहीतर बटणात अडकून ओढले जातात. म्हणून स्टिच फाइल १० टक्के, फार तर २० टक्के कमीजास्त करावी, त्याच्यापुढे नाही. काही मशीन्स आणि सॉफ्टवेअर साइज बदलताना टाके नव्याने मोजून घनता जुळवतात, तिथे थोडी जास्त मोकळीक मिळते, पण तुमचं मशीन तसं करतं का हे मॅन्युअलमध्ये बघून मगच. बारीक अक्षरांना तर हा नियमही पुरत नाही, ४० नंबरच्या दोऱ्यात ५ मिमीपेक्षा कमी उंचीची अक्षरं बुजायला लागतात, तिथे ६० नंबरचा बारीक दोरा, बारीक सुई आणि त्याच उंचीसाठी बनवलेली फाइल लागते.

‘कापड कुठलंही चालतं’ हे वाचून तर मला राहवलंच नाही. टाका कापडाला आत ओढतो, हे प्रत्येक टाक्याबरोबर होतं, म्हणून स्क्रीनवरचा अगदी गोल गोळा कापडावर अंडाकृती होतो आणि आउटलाइन आणि भराव यांच्यामध्ये फट पडते. ही ओढ धरून डिजिटायझर आकार आधीच थोडा रुंद काढतो, त्याला पुल कॉम्पेन्सेशन म्हणतात, आणि ते किती द्यायचं हे कापडावर ठरतं. जाड डेनिमसाठी बनवलेलं डिझाइन ताणणाऱ्या टी-शर्टवर टाकलं की चुण्या पडणार, त्यात नवशिक्याचा काहीच दोष नाही. पण फाइल बदलता येत नसली तरी आपल्या हातात बरंच असतं. ताणणाऱ्या विणीच्या कापडाला खालून कट-अवे स्टॅबिलायझर, म्हणजे फक्त जादाचा भाग कापून काढायचा आधाराचा थर, लावा, तो धुतल्यावरही आत राहून टाक्यांना आधार देतो, आणि सुई बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची, घ्या. घट्ट विणलेल्या सुती कापडाला टेअर-अवे, म्हणजे नंतर फाडून काढता येणारा, पुरतो. टॉवेलसारख्या लव असलेल्या कापडावर वरून पाण्यात विरघळणारी फिल्म ठेवा नाहीतर टाके लवेत बुडतात. आणि हूपमध्ये, म्हणजे कापड धरून ठेवणाऱ्या चौकटीत, टी-शर्ट ताणून बसवू नका हो, काढल्यावर तो आकसतो आणि डिझाइनच्या भोवती कापड गोळा होतं! खूप जण तेव्हा दोऱ्याच्या टेन्शनच्या चकत्या फिरवत बसतात, आणि मूळ कारण तिथे नसतंच.

पेनड्राइव्हला टाकलं की चालतं, हे अर्धंच खरं. झिप आधी उघडावी लागते, फॉरमॅट आपल्या मशीनचा लागतो, पेनड्राइव्ह बहुतेक वेळा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा लागतो. १०० बाय १०० मिमीची मर्यादा असलेल्या मशीनवर त्याहून किंचित मोठं डिझाइनसुद्धा दिसतच नाही किंवा उघडत नाही. डीएसटी उघडल्यावर रंग भलतेच दिसले तर घाबरू नका, त्या फॉरमॅटमध्ये दोऱ्याचे खरे रंग नसतातच, फक्त कुठे थांबून रंग बदलायचा एवढंच असतं, म्हणून डिझाइनबरोबर आलेला कलर चार्ट कधी डिलीट करू नका.

आता फुकटचं. फुकट डाउनलोड म्हणजे हक्कही फुकट असं नाही. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे कॉपीराइट कलाकृती बनल्याबरोबर लागू होतो, त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही, आणि आज जगातले बहुतेक देश त्या करारात आहेत. त्यामुळे डिझाइनसोबतची लायसन्सची अट वाचायची. बरेच डिझाइनर भरलेला कपडा विकायला परवानगी देतात पण फाइल पुढे पाठवायला किंवा विकायला नाही, काही जण फक्त स्वतःच्या वापरासाठीच देतात. १० टक्के बदल केला की आपलं होतं, असंही लोक सांगतात, तसा कुठलाही नियम नाही. कार्टून कॅरेक्टर आणि कंपन्यांचे लोगो तर वेगळंच प्रकरण आहे, ती फाइल ज्याने बनवली त्याच्याकडेच बऱ्याचदा हक्क नसतो, मग तो तुम्हाला परवानगी देणार कुठून. ग्रुपवर हजारो डिझाइन्सचे जे पॅक फिरतात, ना बनवणाऱ्याचं नाव, ना कलर चार्ट, ना लायसन्स, ते मी कुणाला घ्या म्हणणार नाही. एका चांगल्या फुलामागे कुणाचे तरी कित्येक तास आणि चाचणीसाठी भरलेले नमुने असतात, ते आपण असे ढापायचे का?

डाउनलोड करूच नका असं मी अजिबात म्हणत नाहीये. डिजिटायझिंग न शिकता चांगलं काम करता येतं आणि चांगली फुकट डिझाइन्सही आहेत. फक्त भरण्याआधी इंक/स्टिचसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये सिम्युलेशन चालवून बघा, टाके किती, कुठल्या क्रमाने, जंप किती हे सगळं दिसतं. १२,००० टाके ६०० च्या स्पीडने म्हणजे नुसते टाकेच २० मिनिटं, शिवाय एका सुईच्या मशीनवर प्रत्येक रंगाला थांबून दोरा बदलायचा, तेव्हा ग्राहकाला वेळ सांगताना हे धरा. आणि त्याच जातीच्या कापडाच्या तुकड्यावर, तोच स्टॅबिलायझर लावून एक नमुना काढाच.

जे काम तयार फाइलमध्ये बसत नाही, म्हणजे ग्राहकाचा लोगो, नाव, चेहरा, ते डिजिटायझरला द्या आणि त्याचे पैसे बिनधास्त किमतीत धरा. देताना मापं मिमीमध्ये, कापड कुठलं, मशीनचा फॉरमॅट आणि हूपची साइज लिहून द्या. सोबत त्यांच्या सॉफ्टवेअरची मूळ फाइल मिळेल का तेही आधीच विचारा, कारण तोच लोगो पुढे टोपीसाठी लहान हवा असेल तर स्टिच फाइल दाबून लहान करण्यापेक्षा त्या मूळ फाइलवरून टाके नव्याने काढून घेता येतात.