'एक फार्मासिस्ट' यांना: खोका मी उचललेला आहे

महाशय,

औषधांच्या पुरवठ्यात ब्लॉकचेन, म्हणजे मागून गुपचूप खाडाखोड न करता येणारी सामाईक डिजिटल वही आणा, असं मी लिहिलं. त्यावर तुम्ही लिहिता: "क्यूआरची सक्ती सगळ्या औषधांना नाही, आधी वाचा. ज्यांनी जन्मात औषधाचा खोका उचलला नाही त्यांनी आम्हाला शिकवू नये. खोट्या गोळ्यांच्या खोक्यावर खरा क्यूआर छापला की तुमची ब्लॉकचेन त्यालाच खरा म्हणणार. युरोपात हेच काम 2019 पासून ब्लॉकचेनशिवाय चाललंय. 1986 मध्ये मुंबईच्या जेजे रुग्णालयात 14 माणसं गेली ती भेसळीच्या ग्लिसरॉलने, वहीने नव्हे. आणि लहान दुकानदाराने खर्च कुठून करायचा?"

सक्तीचं तुमचं बरोबर. 1 ऑगस्ट 2023 ला ती 300 ब्रँडपुरतीच लागू झाली; मी 'सगळ्या औषधांना' लिहिलं, ती चूक दुरुस्त केली. देव बरें करूं.

आता खोका. गोव्यात वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात मी नऊ वर्षं पॅकिंगला होतो. शिपरच्या, म्हणजे बाहेरच्या मोठ्या खोक्याच्या, प्लास्टिक पट्ट्यांनी कापलेल्या बोटांचे वण अजून आहेत, हवे तर फोटो टाकतो. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे मला न ओळखणाऱ्याने करावं याचं नवल वाटत नाही. वाईट वाटतं ते फार्मासिस्ट म्हणवणाऱ्याने केलं याचं.

एका पावसाळ्यात एक बॅच बाजारातून परत मागवायची होती. म्हापशात एका वितरकाच्या गोदामात मी दोन दिवस बसून होतो. बाहेर धो धो पाऊस, आत ओल्या पुठ्ठ्याचा वास. जावक वहीत नेमक्या त्या बॅचसमोर व्हाइटनर. नखाने खरवडला तर खाली दुसराच आकडा. विचारलं तर म्हणे, "कारकुनाची चूक." बारा खोके गेले कुठे, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या वितरकाचं काही बिघडलं नाही, मी मात्र वरून बोलणी खाल्ली.

ब्लॉकचेनमध्ये प्रत्येक नोंदीत मागच्या नोंदीचा हॅश, म्हणजे त्या नोंदीवरूनच काढलेला, तिच्यात काही बदललं की बदलणारा सांकेतिक आकडा, गुंफलेला असतो. जुना आकडा बदलला की पुढचं काहीच जुळत नाही, आणि वहीची प्रत कंपनी, वितरक सगळ्यांकडे असते. एकट्याच्या व्हाइटनरने तिथे काम भागत नाही. हे मला कुठल्या सेमिनारात कळलेलं नाही, त्या गोदामात कळलं.

राहिला नकली क्यूआर. खोक्याखोक्याला वेगळा क्रमांक द्या. म्हापशात विकलेला नंबर काणकोणात पुन्हा स्कॅन झाला की सापडला. आधी खोटाच विकला गेला तर? तर खरा अडकेल, पण बोंब तरी होईल. जेजेचं मला सांगू नका. ते ग्लिसरॉल कुठून कसं रुग्णालयात शिरलं हे शोधायला न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसवावा लागला, मी तरी दुसरं काय म्हणतोय? युरोप युरोपच्या जागी. खर्चाचं पुन्हा कधीतरी.

पुढच्या वेळी नावानिशी लिहा, मी माझ्या नावाने लिहितो. आणि काउंटरवर स्ट्रिप कापून चार गोळ्या देता ना, तेव्हा बॅच नंबरचा तुकडा गिऱ्हाइकाकडे जाऊ द्या. तो नेहमी तुमच्याच ड्रॉवरमध्ये उरतो.