उत्तर बरोबर आलं? मग गुण गेले

पालकहो, मूल तिसरीत गेलं की घरातलं गणित ताबडतोब बंद करा. तुम्हाला येतं म्हणून काय झालं?

गेल्या शुक्रवारी लेकीची वही घरी आली. ४०३ वजा १७८. तिनं २२५ लिहिलेलं. शेजारी लाल शाईत 'मेथड नॉट फॉलोड', चारपैकी एक गुण. तेव्हापासून मी या विषयातली जाणकार झाले आहे आणि पुण्यात राहते, त्यामुळे सल्ला न मागता देते.

आधी आजोबांना आवरा. आमच्याकडचे पेपरमधून डोकं वर न काढता पुटपुटतात, "तेरातून आठ गेले पाच, हातचा एक. सात नि एक आठ, दहातून आठ गेले दोन, हातचा एक. एक नि एक दोन, चारातून दोन गेले दोन." झालं. त्यात त्यांना अडीचकी, म्हणजे अडीचाचा पाढासुद्धा पाठ आहे. असली माणसं मुलांच्या आसपास असणं बरं नाही.

मग स्वतःला आवरा. आपण शेजारच्या घरातून दहा उसने आणून शून्याच्या डोक्यावर नऊ लिहिणारे. आता उसने आणायचे नाहीत, 'रीग्रुपिंग' करायचं.

अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन पाढ्यांची उजळणी मागू नका. मागितलीत तर घरी दप्तरात ठेवू नका.

आता शाळेची 'मेथड', म्हणजे बेडूक. नंबर लाइनवर, म्हणजे संख्यारेषेवर, एक बेडूक असतो. तो १७८ वरून २ ची उडी मारून १८० वर येतो, २० ची मारून २०० वर, २०० ची मारून ४०० वर, शेवटी ३ ची मारून ४०३ वर. उड्यांची बेरीज २२५. पद्धत झकास आहे, खोटं कशाला बोलू! कोपऱ्यावरचा वाणी शंभराच्या नोटेचे सुटे देताना हेच करतो. "अठ्ठ्याहत्तर झाले, हे दोन ऐंशी, हे वीस शंभर." पण वाण्याला कुणी बेडूक काढायला लावत नाही. माझ्या पोरीनं आधी पट्टीनं रेघ मारायची, मग कमानी काढायच्या, कमानीवर आकडे घालायचे, मग तेच गणित चौकोन काढून पुन्हा करायचं आणि मग 'तुला हे उत्तर कसं मिळालं' ते इंग्रजीत लिहायचं. आठ वर्षांच्या मुलीनं! रात्री साडेनऊला वहीवर डोकं टेकून ती मला म्हणाली, "आई, उत्तर येतंय गं मला, बेडूक येत नाहीये."

शाळेनं पाठवलेली व्हिडिओची लिंक बघा. दोनदा बघा.

पालकांच्या ग्रुपवर प्रश्न विचारू नका. अंगठा टाका.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' आलं, तेव्हा आपण सगळे किती हसलो होतो! मीही हसले. आता वाटतं, त्यामागे निदान मुलाचा विचार होता. सत्तावीस म्हणताना सात आधी येतात, लिहिताना दोन आधी, म्हणून पोरं ७२ लिहून बसतात. ही अडचण खरी होती. इथे कुठली अडचण सोडवताय? तिला तर वजाबाकी येत होती!

पुरे झाला उपरोध. टीचर, या पद्धती मुलांनी डोकं चालवावं म्हणून आल्या ना? पाढे घोकण्याला तुम्हीच नाकं मुरडलीत, आणि आता बेडूक घोकून घेताय. आजोबांचा हातचा, माझा उसना दशक, तुमचा बेडूक, तिन्ही २२५ वरच जातात. तिन्ही दाखवा, पोराला जी जमेल ती करू दे. एका वर्गात चाळीस पोरं आहेत, तपासायला वेळ नाही, वरून छापील उत्तरसूची येते, हे मला कळतं. पण तुमची सोय व्हावी म्हणून आठ वर्षांच्या मुलीला 'तू चुकलीस' सांगू नका. ती चुकलेली नाही. आणि ग्रुपवर अंगठे टाकणाऱ्यांनो, सोसायटीच्या पार्किंगमध्ये हेच रडगाणं रोज गाता, मीटिंगमध्ये तुमची दातखीळ बसते का?

पुढच्या ओपन हाउसला मी वही घेऊन येणार आहे. कापलेले तीन गुण द्या, नाहीतर २२५ कसं चूक ते फळ्यावर करून दाखवा. बेडूक काढून दाखवलंत तरी चालेल.