सोनं निघून गेलं, माणसं कोळशापाशी राहिली

नमस्कार,

न्यूझीलंडच्या वेस्ट कोस्टवरच्या खाणींवर मी लिहिलेला लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि जे पटलं नाही ते स्पष्ट लिहिलंत, याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : तो जिल्हा उभा केला सोन्याने, पण मी सोनं चार ओळींत उरकलं आणि कोळशाच्या अपघातांचं रडगाणं लावलं. ओसाड मुलखात बंदर, रेल्वे, गावं आली, या प्रगतीचं मला काहीच वाटत नाही. आणि डेनिस्टन या पठारावरच्या कोळशाच्या गावातून खाली येणाऱ्या उतारावरच्या वाघिणी इंजिनाने ओढल्या जात, हे मी चुकीचं लिहिलं.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे चूक माझीच आहे. डेनिस्टनला इंजिन नव्हतं. 1879 मध्ये सुरू झालेला तो उतार पूर्णपणे वजनावर चाले. वर पठारावर कोळशाने भरलेली वाघीण तारेच्या जाड दोराला जोडायची आणि कड्यावरून खाली सोडायची. ती उतरताना दोराच्या दुसऱ्या टोकाला लावलेली रिकामी वाघीण वर खेचली जायची. एकूण उतरण 518 मीटर आणि लांबी जेमतेम पावणेदोन किलोमीटर. यावरून चढाची कल्पना करा. मधे एक टप्पा होता, तिथे दोर बदलायचा. वेग आवरायला ब्रेक होते ते पाण्याच्या दाबावर चालणारे. ब्रेकवर बसलेल्याचा हात आणि दोर अडकवणाऱ्याची नजर, यांवर सगळं अवलंबून. 1967 पर्यंत, म्हणजे जवळजवळ 90 वर्षं, तो कोळसा असाच खाली येत राहिला. वर जायची पायवाट 1884 मध्ये झाली. त्याआधी वर राहायला गेलेल्या बायकामुलांनाही त्याच रिकाम्या वाघिणीत बसून जावं लागे, आणि एकदा वर गेलेल्या काही बायका पुन्हा खाली यायचं नावच काढत नसत. लिहिताना मी हे नीट तपासायला हवं होतं.

आता सोनं. सोन्याचा धडाका मला नाकारायचा नाही. 1864 मध्ये इहाया ताइनुई आणि हाइमोना ताउकाऊ या दोन माओरींना, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांना, ग्रीनस्टोन ओढ्यात पाउनामूचा, म्हणजे हिरव्या जेडचा, मोठा धोंडा हलवताना सोनं दिसलं. सोनं शोधण्याच्या बक्षिसाचा दावा मात्र आल्बर्ट हंटने केला. मग लोंढा आला. 1867 मध्ये तिथली वस्ती सुमारे 29,000 वर गेली होती. होकिटिका बंदराच्या नदीमुखावर वाळूचा बांध होता, जहाजं त्यावर आपटून फुटायची, तरी लोक उतरतच होते. आपल्याकडे सराफ बाजारात झारेकरी माती धुऊन सोन्याचे कण काढतात ना, तेच काम हजारो लोक गुडघाभर गार पाण्यात उभे राहून करत होते. परवाना काढायचा, जागा आखायची, परात घ्यायची. भांडवल लागत नव्हतं, हे त्या सोन्याचं खरं वैभव. गरिबाला एकट्याच्या बळावर काहीतरी मिळवता आलं. इथे तुमच्याशी मी सहमत आहे, आणि लेखात हे कमी पडलं.

पण पुढे काय झालं? ओढ्याकाठचं, वाळूतलं सोनं संपत आलं तसे लोक पुढच्या बातमीच्या मागे निघून गेले. राहिलं ते रीफ्टनच्या बाजूचं खडकातलं सोनं. ते काढायला खोल विहिरी खणाव्या लागत, खडक फोडायला यंत्रं लागत, आणि बाष्पयंत्राला कोळसा लागे. म्हणजे सोन्याची खाणही कोळशाच्याच जिवावर. वायुटा या सोन्याच्या खाणीच्या गावाचं उदाहरण तुम्हीच दिलंत : 1905 मध्ये शीर सापडली आणि 1951 पर्यंत खाण चालली. बरोबर. पण 1951 मध्ये तिथल्या ब्लॅकवॉटर खाणीची विहीर ढासळली, पाणी उपसणं थांबलं, खाण बंद झाली आणि काही महिन्यांत गाव उठलं. लोकांनी घरं सुटी करून नेली. आज तिथे मुख्यतः धुराडी आणि घरांचे पाये उरले आहेत. पंचेचाळीस वर्षांचं गाव एका विहिरीवर उभं होतं.

कोळशाचं तसं नव्हतं. थॉमस ब्रनर या शोधप्रवाशाने 1848 मध्ये ग्रे नदीकाठी कोळशाचा थर पाहिला, 1864 मध्ये तिथे त्याच्याच नावाची खाण सुरू झाली, 1876 मध्ये तिथून ग्रेमाउथपर्यंत रेल्वे आली. वेस्टपोर्टच्या कोळशाची ख्याती इतकी की 1889 मध्ये सामोआच्या आपिया बंदरात वादळ झालं, तेव्हा ‘कॅलिओप’ ही ब्रिटिश युद्धनौका बाहेर निसटली त्याचं श्रेय त्या कोळशाच्या आचेलाही दिलं गेलं. वेस्ट कोस्टच्या कोळशापाशी पिढ्यान् पिढ्या माणसं राहिली, संघटना केल्या. 1908 मध्ये ब्लॅकबॉलच्या खाणकामगारांनी जेवणाची सुट्टी 15 मिनिटांची 30 मिनिटं व्हावी म्हणून संप केला आणि सुमारे तीन महिने लढून जिंकला. खाणीच्या तोंडाशी बसून डबा खाणं वेगळं; अंधारात, ओल्या भिंतीला टेकून 15 मिनिटांत भाकरी गिळणं वेगळं.

‘ओसाड मुलूख’ हा शब्द मात्र मी कदापि मान्य करणार नाही. ओसाड नव्हताच तो. पाउनामूच्या शोधात येणारे, तिथेच नांदणारे न्गाई ताहू या माओरी जमातीचे लोक होते. 1860 मध्ये सुमारे 75 लाख एकर जमीन त्यांच्याकडून 300 पौंडांना घेतली गेली. त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या तुकड्यांपैकी एकावर आजचं ग्रेमाउथ शहर आहे. जमीन माओरींची, पण भाडेपट्टा कायमचा आणि भाड्याचा आढावा 21 वर्षांनी एकदा, असा कायदा 1887 मध्ये झाला. देशात येणाऱ्या चिनी लोकांवर 1881 मध्ये माणशी 10 पौंडांची डोईपट्टी बसली आणि 1896 मध्ये ती 100 पौंड झाली. हे सगळं त्याच प्रगतीच्या जमाखर्चातलं आहे, मला ते वगळता येत नाही.

आणि अपघात. तुम्ही रडगाणं म्हणालात, त्याचं वाईट वाटलं. माझे वडील चंद्रपूरकडच्या एका खाणीत लॅम्परूममध्ये होते. पाळी सुटली की दिवे मोजून घेणं हे त्यांचं काम. खाली जाणारा माणूस बिल्ला द्यायचा आणि दिवा न्यायचा. वर आला की दिवा परत आणि बिल्ला खिशात. फळीवर एक बिल्ला जास्त लटकलेला दिसला की ते घरी यायचे नाहीत. कितीदा तरी आई ताट झाकून बसलेली मी पाहिली आहे. बहुतेक वेळा कोणी उशिरा वर आलेला असे, एवढंच.

26 मार्च 1896 ला सकाळी साडेनऊला ब्रनरच्या खाणीत स्फोट झाला. 65 माणसं गेली. पाहायला आत उतरलेले दोघे विषारी वायूने बेशुद्ध सापडले, मदतीला धावलेलेही गुदमरले. चौकशीत ठपका आला तो जिथे कोणी काम करायला नको होतं त्या भागात उडवलेल्या सुरुंगावर, म्हणजे मेलेल्यांवरच. अनुभवी खाणकामगार म्हणत होते की हवा खेळती नसल्याने साचलेला वायू पेटला. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं. कारण वायुवीजनावर खर्च करायचा की नाही, हे सुरुंग लावणारा ठरवत नाही. स्टिलवॉटरच्या दफनभूमीत 33 जणांना एकाच खड्ड्यात पुरलं. याच परिसरात पुढे 1967 मध्ये स्ट्राँगमन खाणीत 19 आणि 2010 मध्ये पाइक रिव्हरमध्ये 29 माणसं गेली.

तुम्ही दक्षिण बेटावर जाल तेव्हा ब्रनरला जरूर थांबा. झुलत्या पुलावरून पलीकडे गेलात की कोळसा भाजून कोक हे इंधन करायच्या विटांच्या भट्ट्या आहेत, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या घुमटाच्या. पाऊस असेल तर विटांवरून काळसर पाणी ओघळतं.

डेनिस्टनचं वाक्य मी आज दुरुस्त केलं आहे, सोन्याबद्दल एक परिच्छेद वाढवतो आहे. ब्रनरचा परिच्छेद आहे तसाच राहील.